रविवारी सूर्याला सुट्टी

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांतपणे सांगता येईल. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, एप्रिलमधल्या एका सकाळी अकराच्या उन्हात, मी घाटकोपरच्या आमच्या चाळीतली सव्वीस बिऱ्हाडं भूकंप होणार म्हणून खाली अंगणात उतरवली होती. भूकंप झाला नाही. एक कुकर करपला, एक पातेलंभर दूध जिन्याच्या पायऱ्या उतरत तळमजल्यापर्यंत गेलं, आणि चाळीने मला एक टोपणनाव दिलं. ते इथे लिहीत नाही. नात हल्ली माझं लिहिलेलं वाचते, तिच्या हातात आयतं हत्यार कशाला द्या?

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पदार्थविज्ञानाची बी.एस्सी., दुसरा वर्ग, तोही काठावरचा. एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, फुटल्या तर कुणी फोडल्या ते शोधायचं. पण घरीदारी मी ‘शास्त्र’ हा शब्द अशा आवाजात उच्चारायची की ऐकणाऱ्याला वाटावं, गुरुत्वाकर्षणाचा शोध हिच्याच माहेरी लागला. ती मुलगी आज मला भाजीबाजारात भेटली, तर ओळख न दाखवता कोथिंबीर घेऊन मी सरळ निघून जाईन.

आमची चाळ रुळांना लागून होती. तीन मजले, पुढे लांबलचक गॅलरी, गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी, आणि चादरीपलीकडे रूळ. डावीकडे मान वळवली की स्टेशनाचं टोक दिसायचं. लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर मी कानात कापूस घालून बसायची. गाडी गेली की मांडणीवरच्या वाट्या एकमेकींशी बोलायच्या, आणि आपलं बोलणं अर्ध्यात थांबवून गाडी जाईपर्यंत तसंच तोंड उघडं ठेवून उभं राहायचं, मग उरलेलं वाक्य पूर्ण करायचं, ही चाळीची रीत होती. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की गाड्या ऐकूच येत नाहीत. येत होत्या, जात होत्या, मीही तोंड उघडं ठेवून थांबत होते, पण कानापर्यंत काही पोचत नव्हतं. सगळ्या चाळीचं असंच होतं. एवढं मात्र लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून तर हे सगळं घडलं.

सासूबाई गॅलरीत झोपत. जिन्याच्या तोंडाशी चटई, उशाला घडी केलेलं लुगडं. थंडीत गोधडी, पावसाळ्यात वर प्लास्टिक बांधलेलं. खोली एकच, आणि आम्ही नवं जोडपं, त्यामुळे मला वाटायचं की आमच्यासाठी त्या बाहेर जातात. मी लाजायची. इतकी लाजायची की सकाळी त्यांच्याकडे बघून चहासुद्धा देत नसे. शेवटी आमचे हे म्हणाले, “अगं, आपल्यासाठी नाही ती. माझ्या लहानपणापासून बाहेरच झोपते. भिंतीखाली तिला झोप येत नाही.”

सासूबाई कोयनेच्या खोऱ्यातल्या. आमचे सासरे, आता नाहीत ते, इथे मुंबईत गिरणीत होते, त्या बरीच वर्षं गावीच होत्या. कोयनेचा भूकंप झाला तेव्हाही तिथेच. त्याबद्दल त्या बोलत नसत. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता एकदाच बोलल्या, तेही ताटातून नजर न उचलता.

“पहाटंची म्हस वरडाया लागली. मी उठले, गोठ्यात गेले. धाकटी जाऊ भितीपाशी निजली व्हती. तिला वलांडून गेले. थंडी लई व्हती. म्हनलं, निजू दे पोरीला, अजून येळ हाय. मग जिमिनीतनं गाडी आल्यावानी आवाज आला.”

“मग?”

“मग भितच राह्यली न्हाई.”

त्यांनी एक खडा वेचला, कठड्यावरून खाली टाकला. “उठिवली असती तर ती बी गोठ्यात असती माज्यासंगं.” आणि परत निवडायला लागल्या.

मी म्हटलं, “आई, आधी कळलं असतं तर?”

“आधी कोन सांगतंय?”

“मी सांगेन,” मी म्हणाले.

हो, असंच म्हणाले. परीक्षानळ्या धुणारी बाई.

पण मला खरंच वाटत होतं. त्या दुपारपासून मला एकच ध्यास लागला: या बाईला आत, भिंतीखाली, निर्धास्त झोपलेलं बघायचं. आणि ध्यास लागला की कागदही कसे नेमके हातात येतात बघा. वाण्याकडून शेंगदाण्याची पुडी आणली, तर तो कुठल्याशा वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीचा कागद निघाला. त्यावर लिहिलं होतं की सूर्यावर डाग पडतात, डाग वाढले की सूर्य खवळतो, त्याचे झोत पृथ्वीपर्यंत येतात आणि पृथ्वीचं चुंबकत्व हलवतात. आणि चुंबकत्व असं हललं की त्यानंतर भूकंप होतात, ज्वालामुखी जागे होतात, असं काही जणांना दिसून आलंय. शेवटची ओळ ‘परंतु’ या शब्दावर फाटली होती. त्या परंतुच्या पुढचं सगळं वाण्याकडेच राहिलं, दुसऱ्या कुणाच्या तरी शेंगदाण्यांभोवती. मी पुडी इस्त्री करून ठेवली.

तळमजल्यावर एक मालवणकडचे काका राहायचे. जन्मभर बोटींवर बिनतारी संदेश पाठवण्याची नोकरी केलेली. आता निवृत्त होऊन रेडिओचा कान पिळत बसायचे. त्यांना विचारलं, तर ते खूश झाले.

“खरा तां. सूर्यार डाग इले काय रेडियो नुसतो खरखरता. दर्यात आमका कायएक आयकाक येय नाय,” ते म्हणाले. “पण भूकंपाचा माका ठावक नाय हां पोरी!”

त्यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. शेवटच्या वाक्याला बहुतेक गाडी गेली असणार.

त्यांनी बोटीवरची जुनी दुर्बीण दिली आणि सूर्य कसा बघायचा ते शिकवलं. दुर्बिणीला डोळा अजिबात लावायचा नाही. ती स्टुलाला बांधून सूर्याकडे करायची आणि पाठीमागे पांढरा कागद धरायचा. सकाळी आमच्या गॅलरीत ऊन यायचं. मी कागद मागेपुढे केला, आणि एकदम त्यावर सूर्य उतरला. पुरीएवढा. कडा थरथरत असलेला, जणू अजून तेलातच आहे. त्यावर मोहरीएवढे दोन डाग, आणि त्यांच्यामागे एक लहानसा, खसखशीएवढा.

मी ओरडले, “आई, या, सूर्य बघा!”

सासूबाईंनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कागदाला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि काळजीने म्हणाल्या, “देवाला देवी आल्यात गं.”

मला अजून तो सूर्य आठवतो. नंतर मी खूप मोठ्या पडद्यांवर, रंगीत चित्रांत सूर्य पाहिले, पण हातात धरलेला तेवढा एकच. पृथ्वी फिरत होती म्हणून तो कागदावरून हळूहळू घरंगळत जायचा, आणि मी त्याच्यामागे स्टूल आणि कागद सरकवत गॅलरीभर जायची. चादरी बाजूला करत. शेजारणी म्हणायच्या, “अगं, आमच्या कपड्यांवर पाडू नकोस हं तुझा सूर्य!”

डाग दिसले, आता चुंबकत्व हलतं का ते बघायला हवं होतं. लोणच्याची रिकामी बरणी घेतली. माझ्या लग्नातल्या शालूच्या पदरातून रेशमाचा एक धागा ओढला. (शालूला पुढे तिथेच भोक पडलं. माहेरी आईने विचारलं तेव्हा झुरळाचं नाव घेतलं.) शाळेतून एक नखाएवढं चुंबक मागून आणलं, त्याला चणिया-चोळीवर लावतात तसली आरशाची टिकली चिकटवली, आणि ते धाग्याने बरणीत टांगलं. कोपऱ्यात दिवा ठेवून त्यावर भोक पाडलेलं खोकं उपडं घातलं. दिव्याचा झोत टिकलीवर पडायचा आणि तिथून उडी मारून समोरच्या भिंतीवर. चुंबक केसभर वळलं तरी भिंतीवरचा कवडसा वीतभर सरकायचा.

आणि तो सरकत होता!

पहिल्या दिवशी मी जेवायलाही उठले नाही. खिडकी लावून घेतली होती, खोलीत अंधार, आणि त्या अंधारात एक पिवळा ठिपका भिंतीवर इकडून तिकडे फिरत होता, जणू कुणीतरी झोपेत कूस बदलतंय. कधी थबकायचा. कधी दोन बोटं मागे यायचा. कधी एकदम सुसाट जायचा आणि मग लाजल्यासारखा हळूच जागेवर परतायचा. मला वाटायचं, कोट्यवधी कोसांवर सूर्य श्वास घेतोय आणि तो माझ्या या चुन्याच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीखाली, दिसतोय. किती दुपारी अशा गेल्या. बाहेर ऊन, आत कवडसा, आणि मधे अर्धवट जागी मी. त्या दुपारांचा अर्थ पुढे काहीही निघाला असो, त्या मला परत मिळाल्या तर मी आजही घेईन.

संध्याकाळी यांनी आल्या आल्या विचारलं, “काय, काय म्हणतोय आमचा पाव्हणा?” हे मुलुंडच्या एका कारखान्यात होते. भिंतीवर पेन्सिलच्या रेघा बघून म्हणाले, “चुना काढायला पुढच्या दिवाळीत मला सांगू नकोस.”

पण सासूबाई? त्या दारात उभ्या राहून ठिपका बघत राहिल्या. मी त्यांना समजावलं, अगदी वर्गात शिकवल्यासारखं. सूर्य हलला की हा हलतो. हा फार हलला की जमीन हलणार. आणि हा हलला की मी तुम्हाला सांगणार.

“तू जागी ऱ्हाशील?”

“राहीन.”

“दिवसा बी?”

“शाळेतून आले की आधी हाच बघेन. तुम्ही झोपा आत.”

 तीन-चार दिवसांनी त्यांनी चटई उंबऱ्याच्या आत ओढली. नुसती हातभर. आठवड्याने ती कपाटापर्यंत आली. पुढच्या महिन्यात भिंतीपाशी. पडायच्या आधी विचारायच्या, “ठिपका काय म्हनतो?” मी म्हणायची, “शांत आहे आई, झोपा.” आणि त्या भिंतीकडे पाठ करून झोपायच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. यांनी मला त्यावरून कधीच चिडवलं नाही. एकदा फक्त म्हणाले, “बरणी नीट ठेव हं, मांजर येतं.”

आता माझी विद्वत्ता ऐका.

शाळा आलटूनपालटून सकाळची-दुपारची असायची, त्यामुळे महिनाभर सगळ्या वेळच्या नोंदी केल्यावर मला नियम सापडू लागले. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ ठिपका वेड्यासारखा नाचायचा. का? तर सूर्य तेव्हा तिरका असतो, त्यामुळे झोत आडवे बसतात. दुपारी जरा शांत. का? तर सूर्य डोक्यावर, झोत सरळ खाली. मध्यरात्रीनंतर ठिपका निपचित. हे तर साहजिकच, सूर्यच नाही. आणि सगळ्यात मोठा शोध: दर रविवारी ठिपका कमी हलायचा.

आठवड्यातला एक दिवस सूर्य सुट्टी घेतो, हे त्याआधी जगात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी सहा रविवार तपासले. सहाही रविवारी तेच. मी यांना वही दाखवली.

हे वही बघून गंभीरपणे म्हणाले, “बरोबर आहे. रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका असते. तोही बघत असेल. त्याच्याच वंशाची गोष्ट आहे.”

“तुम्हाला काही कळत नाही. त्या वाराला रविवार नाव उगीच पडलं असेल का? जुन्या लोकांना हे माहीत असणार,” मी म्हणाले.

हे असं मी बोलले. माझ्या तोंडाने. हसा, मी थांबते.

ज्वालामुखीही माझ्या यादीत होताच, कारण पुडीत होता. म्हणून एका रविवारी यांना घेऊन अंधेरीला गिल्बर्ट टेकडीवर गेले. काळ्या दगडाचे उंच उंच खांब एकाला एक चिकटून उभे आहेत, वर देवीचं देऊळ. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो सगळा लाव्हा होता, असं मी कॉलेजात शिकले होते. आम्ही पायऱ्या चढलो, देवीला नारळ दिला, मग मी होकायंत्र काढून दगडाजवळ नेलं. सुई उत्तर सोडून दगडाकडे वळली.  मी त्या खांबाला कान लावला. दगड उन्हाने तापलेला, गालाला चटका बसत होता, आणि आत, खूप आत, काहीतरी घुमत होतं. हे शेंगा खात उभे होते.

“काय म्हणतोय?”

“घुमतोय.”

“माझ्याही पोटात घुमतंय. वडापाव खाऊया?”

पुढे कुणीतरी सांगितलं की त्या दगडातच थोडं लोखंड असतं, सुई वळणारच. आणि कान कशालाही घट्ट लावला की स्वतःचंच रक्त घुमताना ऐकू येतं. पण तेव्हा मी परत येताना बसमध्ये डोळे मिटून बसले होते आणि मला वाटत होतं, मुंबईखाली कुणीतरी झोपलंय आणि त्याला जाग येते का, हे बघायचं काम माझ्याकडे दिलंय.

मग तो एप्रिलमधला दिवस आला. सोमवार होता. शाळेला सुट्टी लागली होती, हे कारखान्यात गेले होते. सकाळी ठिपका जोरात होता. आदल्या दिवशी सूर्यावर चार डाग मोजले होते. सासूबाई गॅलरीत कैऱ्या पुसत बसल्या होत्या. मी आत वही घेऊन बसले होते. साडेदहाच्या सुमाराला ठिपका थांबला.

कमी झाला असं नाही, थांबलाच. भिंतीवर खिळा मारल्यासारखा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सोमवारी, सकाळी, जेव्हा त्याने नुसतं नाचायला हवं तेव्हा. मी बरणीला टिचकी मारली, तो थरथरला आणि परत तिथेच येऊन उभा राहिला.

आणि मग मला जाणवलं की बाहेरही काहीतरी झालंय. फार शांत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या नळाची टिपटिप ऐकू येत होती. कुठेतरी कोकीळ ओरडत होता आणि तो आमच्याच अंगणातल्या झाडावर आहे हे मला त्या दिवशी कळलं. शेजारीण आपल्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “कसंतरीच वाटतंय ना गं आज? कानात दडे बसल्यासारखं.” पलीकडचीही आली. तिलाही तसंच वाटत होतं. कुणालाच कळत नव्हतं, काय कमी झालंय ते.

माझी खात्री पटली. पृथ्वीने श्वास रोखला होता.

मी धावत सासूबाईंकडे गेले. “आई, उठा. खाली चला. ठिपका थांबलाय. जमीन हलणार.”

त्यांनी आधी आत भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघितलं. मग मान वळवून रुळांकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझा चेहरा कसा होता कोण जाणे. एवढा वेळ त्या माझ्याकडे त्याआधी कधी बघत राहिल्या नव्हत्या. हातातली कैरी त्यांनी टोपलीत ठेवली, पदर खोचला, कठड्याला धरून उठल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, जिना उतरायचा म्हणजे त्यांना शिक्षा असायची. पण त्या उठल्या आणि गॅलरीत उभं राहून, शेतातून पलीकडच्या बांधावर हाक मारावी तशा आवाजात ओरडल्या,

“उतरा गं समद्या! जिमीन हालनार हाय! माजी सून सांगतीया!”

मी सांगून चाळ उतरली नसती. ती बाई म्हणाली, म्हणून उतरली. तिने भूकंप पाहिलेला आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि ती स्वतः सगळ्यांच्या पुढे, एकेक पायरी दोन्ही पायांनी, कठड्याला धरून उतरत होती.

मग जे झालं ते मी कितीही वर्षांची झाले तरी विसरणार नाही. दाराआडून बायका, म्हातारे, मुलं बाहेर आली. कुणी दोघांनी मिळून रंगीत टीव्ही धरून आणला होता. कुणी विम्याचे कागद, कुणी लग्नाचा अल्बम. एक आजी फक्त दातांची कवळी वाटीत घेऊन आल्या होत्या. एका बाईने शिटी न झालेला कुकर तसाच गॅसवर ठेवला होता आणि खालून वर बघून ती शिट्या मोजत होती. आम्ही सगळे अंगणाच्या मध्यभागी, भिंतींपासून लांब, उन्हात उभे राहिलो.  लहान मुलंसुद्धा पायाखाली बघत होती. त्या शांततेत उभं असताना मला भीती वाटत नव्हती, हे कबूल करते. मी मनात म्हणत होते, आता होऊ दे. थोडासाच होऊ दे, पण होऊ दे.

अर्धा तास गेला. वरून करपल्याचा वास आला.

इतक्यात फाटकातून बोटीवाले काका आले, डोक्यावर छत्री, घामाघूम. स्टेशनवरून परत आले होते. एवढी माणसं बघून दचकले.

“काय झाला? कोण गेला?”

कुणीतरी त्यांना सांगितलं. ठिपका थांबला, भूकंप होणार, सगळं. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि छत्री मिटली.

“अगो पोरी,” ते म्हणाले, “पुढे फांदी पडान गाडीची वायर तुटली हा. करंट बंद, गाडये बंद. मी तासभर फलाटार उभो रवलंय. तुझो सूर्य नाय, लोकल बंद पडली हा!”

कुणालाच लगेच कळलं नाही. मग सगळ्यांनी एकदम रुळांकडे बघितलं. रूळ रिकामे होते. तेवढ्यात, जणू याचीच वाट बघत असल्यासारखी, स्टेशनाकडून एक गाडी लांबलचक भोंगा वाजवत निघाली, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच आमच्या चाळीला गाडी ऐकू आली. धडधडत, जमीन हलवत गेली. टीव्ही धरलेला माणूस ओरडला, “आला रे, भूकंप आला!”

त्यानंतर जो हशा पिकला, तो त्या अंगणाने गणपतीच्या नाटकालाही ऐकला नसेल.

मी वर पळाले. आत येऊन बघते, तर ठिपका परत नाचत होता. ठिपका बघताना मी पहिल्यांदाच खिडकी उघडली आणि एक डोळा ठिपक्यावर, एक स्टेशनावर ठेवून उभी राहिले. गाडी फलाटावरून सुटली, ठिपका वीतभर धावला. गाडीने वेग घेतला, ठिपका परत फिरला. दुसरी सुटली, पुन्हा तेच. गाड्यांच्या तारांतून आणि रुळांतून वाहणारी वीजच माझ्या चुंबकाला ओढत होती. सकाळ-संध्याकाळची गर्दी, मध्यरात्रीची सामसूम, रविवारच्या कमी गाड्या, सगळं वहीत नीट लिहिलेलं होतं. सहा महिने खपून मी रेल्वेचं वेळापत्रक तयार केलं होतं, जे स्टेशनवर फलकावर लावलेलं असतं. पुढे समजलं की खऱ्या सूर्याने रोज ती सुई जेवढी हलते, त्याने माझा कवडसा बोटभरसुद्धा सरकला नसता. आणि सूर्याच्या डागांचा भूकंपाशी काही संबंध आहे का, याचाच जाणत्या लोकांत आजही वाद आहे. मी विचारून ठेवलंय. नक्की दिवस-वेळ सांगणारा कुणी भेटला, तर त्याला आधी तो कुठे राहतो ते विचारा.

संध्याकाळी यांना फाटकातच सगळं कळलं. वर येऊन बूट काढता काढता म्हणाले, “आज तू सूर्य बंद पाडलास म्हणे? आमचं ऊन चालू होतं मुलुंडला.” मग माझा चेहरा बघून स्वतःच चहा ठेवायला गेले.

मला हशाचं काही वाटत नव्हतं. म्हणजे वाटत होतं, पण तेवढं नाही. मला दिसत होतं की चटई परत गॅलरीत जाणार. कपाटापाशी नाही, उंबऱ्यापाशी नाही, थेट जिन्याच्या तोंडाशी. मी त्या बाईला खोटं सांगून भिंतीखाली झोपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बरणी उतरवली. धागा तोडला, चुंबक शाळेत परत द्यायला पुडीत बांधलं. त्याच पुडीत. सासूबाई हातात चटई घेऊन उभ्या होत्या. मी दार सोडून बाजूला झाले, त्यांना बाहेर जायला वाट दिली. त्या माझ्या बाजूने आत गेल्या, पेन्सिलच्या रेघांनी भरलेल्या त्या भिंतीपाशी वाकल्या आणि चटई अंथरली.

मला रडू फुटलं. “आई, कशाला? ते यंत्र खोटं होतं. मी आता तुम्हाला काय सांगणार?”

त्या गुडघा धरून खाली बसल्या, उशाला लुगड्याची घडी ठेवली, आणि म्हणाल्या,

“ते गाड्या मोजतंय हे मला पयल्याच आठवड्यात कळलं व्हतं. तुमास्नी गाडी ऐकू येत न्हाई, पन मला परत्येक गाडीला जाग येती, तवा गावाकडं जिमिनीतनं तसलाच आवाज आला व्हता न्हवं. म्हनलं, पोर जागी हाय, तेवडं पुरं. आन् काल मी आधी उतरले न्हसते, तर तू अंगनात एकलीच हुबी ऱ्हायली असतीस. हसू दे लोकांस्नी. मी एकीला उठिवलं न्हाई, तू सव्वीस घरं उठिवलीस. आता रडं पूस आन् ती बरनी धुऊन उनात ठेव, कैऱ्या पिकाया लागल्यात.”